मशीन कपाटात ठेवण्याआधी

गेल्या महिनाभरात ओळखीच्या तिघांकडून एकच वाक्य ऐकलं. 'सीपॅप घेतलं होतं, पण मला काही जमलं नाही.' स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजारासाठी, रात्री मास्क लावून वापरायचं हे मशीन आता कपाटात आहे. तिघंही समजूतदार माणसं आहेत, आणि तिघंही हे सांगताना खाली बघत होती, जणू त्यांच्या हातून काही गुन्हा घडलाय. वर्षापूर्वी मीही असंच खाली बघून सांगत होते. म्हणून हे लिहितेय.

माझं वय 52. घोरण्याबद्दल घरात कुणी फारसं बोललं नव्हतं. माझी तक्रार थकव्याची होती. सकाळी उठल्यावर डोकं जड, दुपारी वाचता वाचता ओळी निसटायच्या, रात्री तीन-चारदा लघवीला उठणं. रक्त तपासून झालं, थायरॉइड तपासून झालं, झोपेच्या गोळ्याही झाल्या. 'पाळी गेली की असं होतंच' हे तर कितीजणींनी सांगितलं. पाळी गेल्यावर स्लीप ॲप्नियाचा धोका वाढतो आणि बायकांमध्ये तो बऱ्याचदा जोरदार घोरण्याऐवजी थकवा, उडालेली झोप, डोकेदुखी या रूपात येतो, हे मात्र कुणीच सांगितलं नाही.

छडा लावला तो लेकीनं. एका रात्री ती माझ्या शेजारी झोपली होती. सकाळी चहाच्या वेळी म्हणाली, 'आई, तू झोपेत मध्येच श्वास घ्यायची थांबतेस. मी मोजलं. एकदा तर एकवीसपर्यंत मोजलं.' अंधारात माझ्या छातीकडे बघत ती आकडे मोजत पडली होती, हे आठवलं की आजही पोटात तुटतं.

स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, झाली. तासाला 38 वेळा माझा श्वास बंद पडत होता किंवा अपुरा होत होता. 30 च्या वर गेलं की गंभीर धरतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि हवेची वाट मिटते. छाती ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू दचकून जागा होतो, श्वास सुरू होतो आणि पुन्हा तेच. सकाळी यातलं काही आठवत नाही, फक्त शिणवटा उरतो. रात्री लघवीला उठणंही त्यातलंच निघालं. बंद वाटेतून श्वास ओढताना हृदयावर ताण येतो आणि ते मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायचा निरोप देतं. मी मात्र संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडलं होतं!

सीपॅप म्हणजे ऑक्सिजनचं मशीन नव्हे, हा गैरसमज आधी काढून टाका. ते खोलीतलीच हवा थोड्या दाबानं नाकातून आत सोडतं आणि त्या दाबानं घशाची वाट उघडी राहते. बस, एवढंच.

मशीन देणाऱ्या माणसानं मला खुर्चीत बसवलं, नाकातोंडावरचा मोठा मास्क चढवला, बटण दाखवलं आणि दहा मिनिटांत सगळं आटोपलं. माझा खरा राग इथे आहे. बसल्यावर चेहरा वेगळा असतो, आडवं झाल्यावर वेगळा. गाल कानाकडे सरकतात, जबडा मागे जातो, मशीनचा दाब वाढला की मास्क चेहऱ्यावरून उचलला जातो. ज्या वस्तूबरोबर रोज रात्री झोपायचंय ती माणसाला झोपवून, दाब सुरू ठेवून बसवून बघायला नको का?

पहिल्या रात्री हवा मास्कच्या वरच्या कडेतून सुसाट डोळ्यांत येत होती. मी पट्टे आवळले. अजून आली, अजून आवळले. सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल, ओला ओरखडा. पुढच्या रात्री त्याच जागी पुन्हा तो मास्क. खरं म्हणजे मास्कची मऊ गादी हवेनं फुगते आणि चेहऱ्याला धरून बसते. पट्टा आवळला की ती चेपते आणि गळती उलट वाढते. हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं, तेही दुसऱ्या एका पेशंटकडून. समोरच्या बारीक छिद्रांतून सतत येणारी हवाही मला गळतीच वाटायची, एकदा तर त्यावर बोट धरून झोपायचा प्रयत्न केला. ती छिद्रं उच्छ्वास बाहेर जायला मुद्दाम ठेवलेली असतात, ती कधीही बंद करू नका.

पहाटे दोनला जाग यायची तर मास्क उशीखाली. झोपेतच काढून टाकलेला. मशीनमध्ये सगळी नोंद राहते. पहिल्या पंधरवड्याची माझी सरासरी जेमतेम दोन तास. ती बघून फोनवरचा माणूस म्हणाला, 'मॅडम, तुम्हीच मनावर घेत नाही आहात.'

त्या दिवशी मी रडले.

मग डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी आधी नाक तपासलं. डाव्या बाजूनं बंद होतं, त्यावर स्प्रे दिला. मोठा मास्क काढून फक्त नाकावरचा दिला, आणि तोही मला आडवं झोपवून बसवला. रॅम्प लावला, म्हणजे मशीन 4 या कमी दाबावर सुरू होतं आणि मला झोप लागेपर्यंत हळूहळू दाब वाढवतं. घसा कोरडा पडायचा म्हणून हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरची उष्णता वाढवली. त्यामुळे नळीत पाणी साचून नाकावर थेंब पडायला लागले, तेव्हा आतून गरम राहणारी नळी लावली. सकाळी पोट फुगून ढेकर यायचे, कारण हवा गिळली जात होती. तेव्हा नोंदी बघून त्यांनी मशीनच्या दाबाची वरची मर्यादा जरा खाली आणली. (दाब स्वतःच्या मनानं बदलू नका, हे हात जोडून सांगते.)

आणि एक गृहपाठ दिला. दिवसा, जागेपणी, वाचताना मास्क घालून बसायचं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग वीस. झोपायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. मास्क म्हणजे गुदमरणं हे मनात घट्ट बसलेलं असतं, ते असं भर दिवसा सुटतं. मला तरी या एका गोष्टीनं सगळ्यात जास्त तारलं.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी उजेडानं जाग आली आणि मास्क चेहऱ्यावरच होता. साडेसहा तास. तासाला श्वास अडण्याचा आकडा 3. रात्रीत एकदाही उठले नव्हते.

हे मशीन कुठून आलं हे नंतर वाचलं. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी पाच पेशंटवरचे निष्कर्ष 1981 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापले. त्याआधी गंभीर आजारात गळ्याला भोक पाडण्याची शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय होता. आणि सुरुवातीचे मास्क तर रोज रात्री चेहऱ्यावर चिकटवावे लागत. आज इतक्या आकारांचे, इतक्या मापांचे मास्क मिळत असताना पेशंटच्या हातात पहिला बसेल तो देऊन 'तुम्हीच मनावर घेत नाही' म्हणायचं, हे मला पटत नाही. पहिल्या आठवड्यात एक फोन, पंधरवड्यात नोंदी बघणं आणि मास्क बदलून मिळण्याची सोय हा उपचाराचाच भाग आहे. विकत घेण्याआधी तसं स्पष्ट विचारा.

तुमच्यापैकी कुणाचं मशीन कपाटात असेल तर खाली लिहा. मास्क कुठला आहे, नाकावरचा की नाकातोंडावरचा, हवा कुठून सुटते, कितीला जाग येते. मी डॉक्टर नाही, पण तुमच्या डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते सुचवू शकेन. आज रात्री उत्तर द्यायला उशीर झाला तर समजून घ्या, दहाला मास्क लागतो.