रिमोट अपडेट करायला बसताय? आधी जेवून घ्या

ड्रोनच्या रिमोटमध्ये नवं फर्मवेअर, म्हणजे त्याला आतून चालवणारं सॉफ्टवेअर, टाकणं अगदी सोपं आहे. कंपनीच्या पुस्तिकेत त्याला तीन चित्रं पुरली आहेत: रिमोट, केबल, कॉम्प्युटर. मला गेल्या रविवारी सकाळी साडेनऊपासून रात्री सव्वाअकरा वाजले, पण तो माझा दोष. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे चार शब्द.

अपडेटचा मुहूर्त आपण काढायचा नसतो, रिमोट काढतो. आदल्या रात्री तो गप्प असतो. बॅटऱ्या फुल, कार्ड रिकामं, पाती पुसलेली. मग पहाटे पावणेसहाला वाईच्या गणपती घाटावर, नवरीचा मेकअप झालेला, कृष्णेवर असं धुकं की पुन्हा मिळायचं नाही, आणि तुम्ही रिमोट चालू करता. तेव्हा लाल पट्टी येते. अपडेट करा, तोवर ३० मीटरच्या वर जाऊ देणार नाही. चिडू नका. नवरदेवाला सांगा, "सर, आज खालूनच मस्त दिसतंय."

आधी फोनवरून अपडेट करून बघा. होणार नाही, पण बघा.

मग घरी येऊन कॉम्प्युटरला जोडा. त्याला केबल लागते. आपल्या सगळ्यांकडे श्रीखंडाचा एक रिकामा डबा असतो, त्यात केबली असतात. माझ्या डब्यात चौदा निघाल्या, शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. पहिली लावली. रिमोटचे चार दिवे पळायला लागले, म्हणजे चार्जिंग. कॉम्प्युटरला पत्ताच नाही. दुसरी, चार्जिंग. तिसरी सैल. चौथी इअरफोनच्या डबीबरोबर आलेली, वीतभर, म्हणजे रिमोट सीपीयूच्या मागे लोंबकळत धरायचा. चार्जिंग! ड्रोनच्या खोक्यातली मूळ केबल? ती पाचवी. मानेशी तुटलेली. केबलच्या पोटात विजेच्या दोन तारा लागतात आणि डेटाच्या दोन. स्वस्त केबल करणारा डेटाच्या तारा घालतच नाही. नको घालूस बाबा, पण वर तसं लिही तरी! दहा रुपयांच्या बिस्किटपुड्यावर शाकाहारी म्हणून हिरवा ठिपका छापता येतो, आणि अडीचशेच्या केबलवर 'हिच्यातून डेटा जात नाही' एवढं छापता येत नाही? कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकली. "सर, केबल बदलून बघा." चौदा बदलल्या हो! "ओरिजिनल वापरा सर." कुठे मिळेल? "सध्या स्टॉक नाही सर." शेवटी शेजारच्या पोराच्या जुन्या फोनची केबल लावली आणि कॉम्प्युटरने टुडुंग केलं. लग्नाच्या बँडनेही मला कधी इतका आनंद दिला नव्हता.

अँटिव्हायरस बंद करा. कंपनीच सांगते, तर विश्वास ठेवायला काय हरकत आहे?

आता ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला रिमोटशी बोलायला शिकवणारा छोटा प्रोग्रॅम. त्याच्यावर विंडोजला पटेल अशी डिजिटल सही नसेल, तर विंडोज त्याला दारातूनच परत पाठवतो. शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, मग सात नंबरचं बटण. ही सवलत पुढच्या रीस्टार्टपर्यंतच टिकते, तेव्हा चुकूनही रीस्टार्ट करू नका. ड्रायव्हर बसला की तो रीस्टार्ट करायला सांगेल.

भाषा दिनाच्या उत्साहात कॉम्प्युटरवरचं खातं 'बाबा' असं देवनागरीत उघडलं असेल, तर भोगा. फोल्डरच्या पत्त्यात मराठी अक्षर दिसलं की कंपनीचं अपडेटचं सॉफ्टवेअर उघडतं आणि लाजून मिटतं. खात्याचं नाव बदलून उपयोग नाही, आतल्या फोल्डरचं नाव तेच राहतं. इंग्रजी नावाचं नवं खातं काढावं लागतं. २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला, हे त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही.

पट्टी ७३ टक्क्यांवर थांबेल. श्वास घ्या, दुसरं काही करू नका. घरात जाहीर करून ठेवा की मिक्सर लावायचा नाही, आमच्याकडे तो लावला की फ्यूज जातो. "मग चटणी दातांनी वाटू का?" असं आई विचारेल. तिचं बरोबर आहे. पण मध्येच वीज गेली आणि रिमोट गचकला, तर नवा आणायचा कुठून? २०२२ च्या फेब्रुवारीपासून परदेशातून तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. जुन्यालाच जपायचंय.

रिमोट झाला? अभिनंदन. आता ड्रोन म्हणेल, माझी आवृत्ती जुळत नाही. मग ड्रोन. मग बॅटऱ्या, एकेक करून, तिन्ही. मग कंपास. रात्री अकराला सोसायटीच्या पार्किंगमध्ये ड्रोन आडवा धरून गिरकी, मग उभा धरून गिरकी. वॉचमन काही बोलला नाही, फक्त चहाचा कप खाली ठेवून बघत राहिला.

आणि एवढं करून आत नवीन काय आलं? 'काही ज्ञात त्रुटी दूर केल्या.'

कुठल्या त्रुटी? २०१७ साली डीजेआय या ड्रोन कंपनीने आपल्या स्पार्क ड्रोनवाल्यांना बजावलं होतं, १ सप्टेंबरच्या आत अपडेट करा, नाहीतर तो उडणारच नाही. पण तिथे काही ड्रोन हवेतच बंद पडून खाली येत होते. कारण होतं, तारीख होती, आणि ती आधी सांगितली होती. माझा ड्रोन दुसऱ्या कंपनीचा. तिने यातलं काय सांगितलं? काल संध्याकाळी तोच रिमोट व्यवस्थित चालत होता ना? मग पहाटेत असं काय बिघडलं? ऐंशी हजार मोजून घेतलेत, फुकट नाही दिला. आठ दिवस आधी सांगायला तोंड नाही? 'आजचं काम होऊ दे, रात्री करतो' असं एक बटण ठेवायला काय होतं? नवीन आवडलं नाही तर जुन्यावर परत जाऊ द्यायला काय जातं तुमचं? तुम्ही ऑफिसात बसून बटण दाबता आणि घाटावर नवरीच्या वडिलांसमोर मी उभा असतो. "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे काका." त्यांनी एवढंच विचारलं, "काल चेक नव्हतं केलं?"

केलं होतं! तीन वेळा केलं होतं.

अ‍ॅडव्हान्सातले पाच हजार मी त्यांना परत केले. केबलचं राहू द्या, ते पाच हजार कोण देणार ते बोला.