घोडी तेवढी आणा, सल्ले इथे मिळतील

बदली झाली, बिऱ्हाड साताऱ्याला हलवलं आणि सामानात एक घोडी आहे? मग काळजीच नको. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला ते हे गाव. इथे दर दुसऱ्या गाडीच्या मागच्या काचेवर घोडा आहे, तोही दोन पायांवर उभा. तुमची चार पायांवरची बघायला पहिल्याच संध्याकाळी निम्मी गल्ली लोटेल.

आलेल्यांना चहा द्या आणि ऐकून घ्या. आधी अंगावरच्या केसांचे भोवरे तपासले जातील. गळ्याखाली देवमण हा शुभ भोवरा आहे का, कपाळावरचा भोवरा मालकाला लाभतो की खातो, यावर दोन तट पडतील. कुणीतरी ओठ वर करून दात बघेल आणि अकलूजच्या बाजारात तुम्ही किती हजारांना बुडालात तो आकडा जागेवर सांगेल. खूर मात्र कुणी उचलून बघणार नाही. त्याला वाकावं लागतं.

खूर आपल्या नखासारखा वाढत राहतो. सहा-आठ आठवड्यांनी तासला नाही तर चाल बिघडते. म्हणून नालबंदाची चौकशी करा. "आमच्या आजोबांच्या वेळी होता," हे उत्तर ठरलेलं. मग कुणीतरी म्हणेल, "ऊस ओढणाऱ्या बैलांना पत्री मारणारा आहे की!" लगेच हो म्हणा. मीही म्हणालो होतो.

गृहस्थ हातोडी, खिळे आणि दोरखंड घेऊन आले. घोडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "पाडायची कुठं हिला?" बैलाला दोर टाकून आडवा पाडतात आणि दुभंगलेल्या खुराच्या दोन्ही अर्ध्यांना दोन पत्र्या ठोकतात. घोड्याचा खूर अखंड, आणि काम उभ्यानेच, पाय मांडीवर घेऊन. हे मी त्यांना शिकवलं आणि त्यांनी माझ्या घोडीवर शिकून घेतलं. खिळा खुराच्या तळाला दिसणाऱ्या पांढऱ्या रेषेच्या बाहेर, कडेच्या टणक भागातच राहायला हवा. आत सरकला की जिवंत मांसाला लागतो. तीन खिळे छान बसले. चौथ्याला घोडीने पाय हिसडला. "जागा नवीन हाय, बुजली," असं निदान करून त्यांनी तोही बसवला. दुसऱ्या दिवशी घोडी तीन पायांवर उभी. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, त्यामुळे आता डॉक्टर शोधा.

जवळचे डॉक्टर गाईंच्या बाबतीत हुशार असतात. तुमच्या घोडीला ते गोठ्याच्या दारातूनच तपासतील आणि "लाथ मारते का?" एवढीच विचारपूस करतील. निराश होऊ नका. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आपल्याच जिल्ह्यात. लंगडती घोडी टेम्पोत चढवायची आणि खंबाटकी ओलांडायचा, की पोचलात.

खाण्याचं तर विचारूच नका. पेंडीच्या दुकानदाराचा पहिला प्रश्न "दूध किती देते?" हाच असेल. गोळीपेंडीचं पोतं तो कौतुकाने पुढे सरकवेल. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घालतात. गाईला ते पचतं, घोड्याचं हृदय मात्र निकामी करतं. पण पोत्यावर गाईचा फोटो इतका टवटवीत असतो की मागची बारीक अक्षरं वाचवत नाहीत. बुरशी आलेल्या कडब्याने पोटशूळ उठला की शेजारीपाजारी हिंग, गोडेतेल, सोड्याची बाटली घेऊन धावतीलच. घोड्याला उलटी करता येत नाही. दिलेलं परत येणार नाही याची गल्लीला खात्री असते.

शिकवायला द्यायची असेल तर वरातीचा घोडेवाला गाठा. तुम्हाला घोडी रस्त्यावर शांत उभी राहायला हवी असते. तो पंधरा दिवसांत तिला हलगीवर नाचायला शिकवून देईल. नाहीतर वेण्णा तलावाकाठी पर्यटकांना फिरवणाऱ्यांकडे पाठवा. परत आली की घोडी शहाण्यासारखी चालेल, पण कुणी मोबाईल वर केला की फोटोसाठी थांबेल. पोवई नाक्यावर मोबाईल फार वर होतात.

एक खरं सांगून ठेवतो, कुणाला बोलू नका. वरात संपली, नवरा उतरला, की कार्यालयाच्या मागे अंधारात घोडा धरून उभा असलेला पोरगा बघा. मोबाईलच्या उजेडात आधी घोड्याचे खूर बघायचे. कडा एकसारख्या असतील तरच त्याच्याकडून नालबंदाचा नंबर घ्यायचा. मला हे कळायला दोन पावसाळे गेले.

त्याआधी मी तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबालाही गेलो होतो. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तिथे होतं. अश्व दौडत गेले आणि मागे टापांखालची माती कपाळाला लावायला माणसांची झुंबड उडाली. शेजारच्या काकांना विचारलं, "काका, यांचे खूर कोण तासतं हो?"

"माउलींचे अश्व हायत ते!" काका डाफरले. मग जरा निवळून म्हणाले, "अंकलीहून येत्यात. बेळगावकडं. तिकडंच इचारा."

मी माती कपाळाला लावली आणि बेळगावला टेम्पो किती घेईल याची चौकशी सुरू केली.