बसा हो, जाल सावकाश

डेटाबेस बंद करणं म्हणजे घरातले पाहुणे घालवणं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी सांगलीच्या एका पतसंस्थेत 'कॉम्प्युटर विभाग' म्हणून चिकटलोच नसतो. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एसीच्या खोलीत बसलेला सर्व्हर. एसी त्याला. माझं टेबल बाहेर, पंख्याखाली.

आमचा डेटाबेस रिलेशनल. आयबीएममधल्या एडगर कॉडनं १९७० साली ही कल्पना मांडली, तेव्हा 'रिलेशन' म्हणजे त्याला ओळी-रकान्यांचा तक्ता अभिप्रेत होता. मला मात्र तो शब्द ऐकला की नातेवाईकच दिसतात. आले की 'चला, निघतो' म्हणून उठतात, चपला घालतात आणि दारात उभं राहून मग मूळ विषयाला हात घालतात.

२०१८ च्या जूनचा शेवटचा शनिवार होता. तारीख तीस. तिमाहीचं व्याज टाकायचं काम रात्री साडेआठपर्यंत दळत बसलं होतं. ते संपलं की मला फक्त एक बारकासा बदल करायचा होता. ज्यानं कुणी आमच्याकडे हा पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस बसवून दिला, त्यानं त्याच्या हाताशी मेमरी ठेवली होती १२८ एमबी, म्हणजे मुळात बसवतानाच जी मिळते तेवढीच. मशीनमध्ये मेमरी सोळा जीबी. सोळा खोल्यांचा वाडा, आणि हा गडी तीन वर्षं जिन्याखाली पथारी टाकून. पाव हिस्सा द्यावा असं जाणकार म्हणतात, म्हणून मी चार जीबी द्यायचं ठरवलं. पुष्कळशा सेटिंगा डेटाबेस चालू असताना बदलता येतात. ही येत नाही. बंद करायचा, परत सुरू करायचा.

"किती वेळ लागंल?" साहेबांनी विचारलं. बाहेर पाऊस होता, साहेबांची छत्री कुठल्या तरी शाखेत राहिली होती, आणि माझ्या बुलेटवर त्यांचा डोळा होता.

"दहा मिनिटं साहेब."

हे वाक्य मी आयुष्यात पुन्हा उच्चारलेलं नाही.

'स्टॉप' म्हणून एंटर दाबलं. पडद्यावर आलं, 'वेटिंग फॉर सर्व्हर टू शट डाउन', आणि पुढे एक ठिपका. मग दुसरा. दर सेकंदाला एक. दारातल्या रांगोळीला घालतात तसे ठिपके पडत गेले. साठ ठिपके झाल्यावर त्यानं जाहीर केलं की सर्व्हर बंद होत नाहीये, आणि हात वर केले. त्याच्याखाली 'हिंट' म्हणून एक ओळ होती. हिंट कोण वाचतं? परीक्षेत कुणी हिंट दिली असती तर मी आज पुण्यात असतो.

झालं होतं असं. पोस्टग्रेस बंद करायच्या तीन पद्धती आहेत: स्मार्ट, फास्ट आणि इमिजिएट. आमची आवृत्ती ९.४, आणि तिच्यात नुसतं 'स्टॉप' म्हटलं की स्मार्ट. स्मार्ट म्हणजे नवीन पाहुण्याला दार उघडायचं नाही, पण जे आत बसलेत ते आपण होऊन उठेपर्यंत हात जोडून उभं राहायचं. एकही माणूस बसलेला असेल तर रात्रभर उभं राहायचं. याला स्मार्ट नाव ठेवणाऱ्याच्या घरी मे महिन्यात कधी कुणी मुक्कामाला आलं नसणार. पुढं ९.५ मध्ये त्यांना शहाणपण सुचलं आणि नुसत्या स्टॉपचा अर्थ फास्ट झाला. पण आमच्याकडे सुधारणा फुटपाथवरून चालत येते.

तेवढ्यात फोन. चेअरमनसाहेब.

"अरे, मोबाईलवर ठेवींचा आकडा बघायला गेलो तर ते म्हणतंय डेटाबेस सिस्टीम इज शटिंग डाउन. काय भानगड आहे? संस्था बंद पडली का?"

पतसंस्थेच्या चेअरमनला रात्री नऊ वाजता 'शटिंग डाउन' ही अक्षरं दिसली तर त्याचं काय होत असेल, याचा विचार ती ओळ लिहिणाऱ्यानं केलेला नाही. "मेंटेनन्स आहे साहेब, दहा मिनिटं," असं म्हणणार होतो. जीभ चावली आणि "चाललंय साहेब" म्हणालो.

आता आत कोण बसलंय ते शोधायचं. नवीन माणूस म्हणून मलाही आत जाता येत नव्हतं. दार माझंच, कडी मीच लावलेली. बाहेरून, मशीनवर काय काय चालू आहे त्या लिनक्सच्या यादीत डोकावलं तर एकच पाहुणा होता. विट्याची शाखा, आणि नावापुढं लिहिलेलं, 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'.

नुसता 'आयडल' माणूस परवडतो. तो सोफ्यावर पेंगत असतो, मध्येच चहा मागतो. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' म्हणजे ज्यानं 'मी काय म्हणतो...' अशी सुरुवात केली आणि तोंड उघडं ठेवूनच झोपला. व्यवहार उघडलाय, पुरा केलेला नाही, मोडलेलाही नाही.

विट्याच्या मॅडमना फोन लावला. मागं हलगी वाजत होती.

"मॅडम, तुमची स्क्रीन चालूय का?"

"सर, मी भाच्याच्या जावळाला आलेय. खानापुरात."

"पण स्क्रीन?"

"चार वाजता सोनेतारणाची एंट्री टाकत होते. तेवढ्यात आमचे हे गाडी घेऊन आले. ते विचारत होतं काहीतरी, होय का नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काहीच नाही. सोमवारी आल्यावर म्हणते की."

म्हणजे चार वाजल्यापासून विट्याच्या कुलूपबंद शाखेत, अंधारात, एका पडद्यावर 'व्यवहार नोंदवायचा का? होय / नाही' हा प्रश्न उभा होता, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी सांगलीत अख्खा डेटाबेस, मी, साहेब आणि चहाचे कप गोळा करायला थांबलेले शिपाईमामा खोळंबलो होतो. प्रश्न विचारण्याआधीच व्यवहार उघडून ठेवणारा तो प्रोग्राम ज्यानं लिहिला, त्याला मी त्या रात्री सांगलीत शक्य होतं ते सगळं बोलून घेतलं.

शेवटी दाजींना फोन केला. बहिणीचे मिस्टर. पुण्यात असतात, ओरॅकल डेटाबेसवर पंधरा वर्षं काढलेला माणूस. घरात जेवणाच्या ताटावरसुद्धा अधिकारवाणीनं बोलतात.

"दाजी, डेटाबेस बंदच होईना."

"इमिजिएट मार की."

"काही होणार नाही ना?"

"मी रोज रात्री मारायचो. लाखांनी ओळी असलेल्या बेसवर. मार, आणि जेवायला जा."

मारला. पापणी लवायच्या आत बंद. एकसुद्धा ठिपका नाही. साहेब म्हणाले, "बघ, अनुभवी माणसाला विचारलं की काम कसं होतं." शिपाईमामांनी कप उचलले. मी सेटिंगच्या फायलीत चार जीबी लिहिलं आणि सुरू करायला गेलो. त्यानं सांगितलं की मला रूट म्हणून चालवता येणार नाही. हे एक आणखी. अख्ख्या मशीनचा जो मालक, त्याच्या हातून पोस्टग्रेस सुरू होत नाही. एरवी देवघरात शिरायला सोवळं लागतं, इथं उलट, अंगावरचा सगळा अधिकार उतरवून साध्या पोस्टग्रेस नावाच्या गड्याच्या वेषात यावं लागतं. आलो. 'स्टार्ट' म्हणालो.

'सर्व्हर स्टार्टिंग', असं म्हणून तो निघून गेला.

त्या आवृत्तीतलं 'सर्व्हर स्टार्टिंग' म्हणजे मित्र फोनवर 'निघालोय' म्हणतो ते. तो निघालाय का, अंघोळीला तरी गेलाय का, याची खात्री न करताच सांगून टाकतो. पाच मिनिटं वाट बघितली. लॉग, म्हणजे त्याची रोजनिशी, उघडला. मी चार जीबीतला जी आणि बी बारक्या लिपीत लिहिला होता, आणि पोस्टग्रेसला ते मंजूर नव्हतं. जीबी मोठ्या अक्षरांत लागतो, एमबी मोठ्या अक्षरांत लागतो. केबीला मात्र के लहान आणि बी मोठा. का? विचारू नका. काही घरांत थोरल्या जावेला 'अहो' म्हणतात आणि मधलीला 'अगं', तसं ते आहे.

अक्षरं मोठी केली. परत स्टार्ट. आणि मग लॉगमध्ये ती ओळ आली. 'डेटाबेस सिस्टीम वॉज नॉट प्रॉपर्ली शट डाउन. ऑटोमॅटिक रिकव्हरी इन प्रोग्रेस.'

नॉट प्रॉपर्ली! माझ्या पोटात खड्डा पडला. तिमाहीचं व्याज, आठ शाखा, सगळ्या ठेवीदारांच्या जन्माच्या पुंज्या, आणि नॉट प्रॉपर्ली.

दाजींना फोन.

"दाजी, हा म्हणतोय नीट बंद केलं नाही."

"असं कसं? इमिजिएट मारलास ना? अबॉर्ट नाही ना मारलास?"

तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला, पण तो वीज पडल्यासारखा. ओरॅकलमध्ये इमिजिएट ही सभ्य पद्धत आहे. अर्धे व्यवहार मागं घेतले, माणसांना बाहेर काढलं, दिवे मालवले, कुलूप लावलं. पोस्टग्रेसमध्ये ह्याच सभ्यतेला फास्ट म्हणतात. पोस्टग्रेसचा इमिजिएट म्हणजे ओरॅकलचा अबॉर्ट, म्हणजे मीटरवरचा फ्यूजच ओढायचा. शब्द एक, घरं दोन. आमच्याकडे 'लगेच येतो' म्हणजे पाच मिनिटं आणि सासरवाडीत 'लगेच येतो' म्हणजे दसऱ्यापर्यंत, हे मला लग्नानंतर सहा महिन्यांत कळलं होतं. दाजींना पंधरा वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

"मग त्यांनी वेगळं नाव ठेवायचं ना," दाजी म्हणाले, आणि जेवायला गेले.

साहेब माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. "काय म्हणतंय ते?"

मी कपाळाचा घाम पुसत सांगायला लागलो. "साहेब, हा डेटाबेस प्रत्येक व्यवहार आधी एका वहीत ओळीनं लिहून ठेवतो. वॉल म्हणतात. मूळ तक्त्यांत तो नंतर सवडीनं उतरवतो. मध्येच ओढून बंद केला की उतरवायचं राहिलेलं राहतं. मग उठल्यावर ती वही वाचून..."

"म्हणजे कीर्दीवरून खतावणी ओढतोय."

मी गप्प झालो. ह्या एका गोष्टीसाठी मी तीन व्हिडिओ बघितले होते.

"२००५ च्या महापुरात," साहेब खुर्ची ओढून बसले, "तळमजल्यावरच्या खतावण्या भिजून पापड झाल्या. कीर्द मी आदल्या रात्री माळ्यावर टाकली होती. अकरा दिवस बसून आम्ही चौघांनी परत खतावणी ओढली. पैशाचा फरक नाही आला." मग चष्मा वर करून लॉगकडे बघत, "हा किती दिवस घेईल?"

"मिनिटं साहेब. शेवटचा चेकपॉइंट कधी झालाय त्यावर आहे. तिथपर्यंतचं सगळं उतरवलेलं असतं."

"म्हणजे शेवटची बेरीज कुठं मारली तिथून पुढं." साहेबांनी मान डोलावली. "बरोबर आहे. कुणी शिकवलंय त्याला?"

आमच्या फायलीत चेकपॉइंट तासानं घ्यायचा असं कुणीतरी लिहून ठेवलेलं. वेग वाढेल म्हणून. त्यामुळं व्याजाच्या दळणातलं बरंचसं उतरवायचं शिल्लक होतं, आणि डिस्क जुनी, फिरणारी. ती कुरकुरत राहिली. मधल्या वेळात चेअरमनसाहेबांना मोबाईलवर आता 'इज स्टार्टिंग अप' दिसत होतं, आणि त्यावर त्यांचा मेसेज आला, 'गुड.'

त्या कुरकुरीत मला एकच गोष्ट आठवत होती. ती कीर्द ज्या फोल्डरमध्ये असते त्याचं नाव तेव्हा 'पीजी_एक्सलॉग' होतं. नावात लॉग. डिस्क भरली की लोक 'जुनी लॉगची रद्दी दिसतीय' म्हणून तेच फोल्डर पुसून टाकायचे आणि मग छाती बडवत बसायचे. इतके, की दहाव्या आवृत्तीत त्याचं नाव बदलून 'पीजी_वॉल' करावं लागलं. मागच्याच आठवड्यात जागा करायला म्हणून मी त्या फोल्डरवर उजवं बटण दाबलं होतं. तेवढ्यात मामांनी चहा आणला. मामांना मी हे कधीही सांगितलेलं नाही, नाहीतर ते चहाचे पैसे वाढवतील.

पावणेदोन मिनिटांनी ओळ आली. 'डेटाबेस सिस्टीम इज रेडी टू ॲक्सेप्ट कनेक्शन्स.' घड्याळात पावणेदोन, माझ्या हिशेबात दोन चातुर्मास. ठेवींची बेरीज काढली. साहेबांनी संध्याकाळी डायरीत पेन्सिलीनं लिहिलेल्या आकड्याशी पडताळली. पैशाचा फरक नाही. साहेबांनी डायरी मिटली आणि म्हणाले, "चल, गाडी काढ."

सोमवारी सकाळी दहाला दोन मिनिटं कमी असताना विट्याहून फोन आला.

"सर, हे अजून विचारतंय. होय का नाही."

तिचा व्यवहार शनिवारी रात्रीच मोडीत निघाला होता. कीर्दीत त्याच्यावर शिक्काच नव्हता, त्यामुळं खतावणीत यायचा प्रश्न नव्हता. पण पडद्याला कुठं माहीत? तो बिचारा शनिवारी चारपासून आदबीनं उभा होता.

"होय म्हणा मॅडम. आणि मग सगळी एंट्री पहिल्यापासून टाका."

खट्ट आवाज आला. मग थोडी शांतता.

"सर, इंग्लिशमध्ये काहीतरी आलंय. क्रॅश असं लिहिलंय." आवाज एकदम खाली आला. "सर, मी नुसतं होय म्हणाले हं."