मला बारा महिने एकादशी

मी हॉटेलात गेले की खोटं बोलते. वेटरला सांगते, "माझा उपवास आहे." वार कुठलाही असो, पंचांगात काहीही असो. पाच वर्षं हे चाललंय, आणि गेल्या आठवड्यात पकडली गेले. ते शेवटी सांगते, आधी हे खोटं का सुरू झालं ते.

मला सीलिॲक आहे. गव्हात, जवात आणि राय नावाच्या धान्यात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. मळलेली कणीक ताणली तरी तुटत नाही ती त्याच्यामुळे. ते पोटात गेलं की माझं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उठतं. आतड्याच्या आतून मखमलीसारखी लव असते, अन्नातलं सत्त्व तिच्यातून रक्तात जातं. ती लव झडून सपाट होते. मग कितीही खा, अंगी लागत नाही. ही ॲलर्जी नाही, आणि "मला गहू जरा जड पडतो" यातलंही नाही. यावर गोळी नाही. ग्लूटेन बंद, जन्मभर, एवढाच उपचार.

मला कळलं चौतिसाव्या वर्षी. त्याआधी आठ वर्षं हिमोग्लोबिन सातच्या पुढे सरकत नव्हतं. लोहाच्या गोळ्या, इंजेक्शनं, बीट, खजूर, काळे मनुके (नाशिकमध्ये मनुक्यांना काय तोटा!) सगळं झालं. तीन डॉक्टरांनी "बायकांना असतंच" म्हणून पाठवलं. जुलाब, पोटदुखी वगैरे फारसं नव्हतंच, त्यामुळे पोटाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. शेवटी एका पोटाच्या डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करायला लावली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला. ज्यांना शंका असेल त्यांनी एक ध्यानात ठेवा, तपासणीच्या आधी गहू बंद करू नका. बंद केलात तर रिपोर्ट फसवा येतो. आणि सख्ख्या नात्यातल्यांनीही तपासून घ्या. माझ्या मुलाची केली, सध्या तरी निगेटिव्ह आहे.

लोकांना वाटतं, पोळी सोडणं हे मोठं दुःख असेल. पोळी पहिल्या महिन्यात सुटली. बाजरी आहे, ज्वारी आहे, पेठ-सुरगाण्याकडची नागली आहे, इगतपुरीचा तांदूळ आहे. नाशिकमध्ये राहून धान्याचं रडगाणं गायचं म्हणजे गंगेवर बसून पाणी मागायचं. अडचण पोळीची नाहीच. अडचण उडालेल्या पिठाची आहे.

हिशेब सांगते, आकडेमोड हाच माझा धंदा आहे. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. २००७ साली इटलीतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला. त्यांनी सीलिॲकच्या रुग्णांना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तर तेवढ्यानेही आतड्याची लव खराब झाली. म्हणजे एका पोळीचे साठ तुकडे करा आणि त्यातला एक रोज खा. पाकिटावर "ग्लूटेन-फ्री" छापायचं तर आपल्याकडच्या नियमात एका किलोला २० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, ती काय उगाच नाही. आता ज्या परातीत कणीक मळली तीच नुसती पुसून तिच्यात माझी भाकरी थापली, तर किती तुकडे झाले? मला मोजता येत नाही. पोटाला येतं. दोन-अडीच तासांत उलट्या, मग दोन दिवस डोकं चालत नाही, ऑफिसात एकच बेरीज तीनदा करते, आणि आठवडाभर तोंड आलेलं. काहींना बाहेरून काहीच जाणवत नाही, आत मात्र नुकसान चालूच राहतं. त्यांच्यापेक्षा मी नशीबवान, असं मी स्वतःला समजावते. दर वेळी पटतंच असं नाही.

सगळ्यात आधी गिरणी गेली. आमच्या गल्लीतल्या गिरणीत लग्न झाल्यापासून दळण टाकत होते. काकांना आजार समजावून सांगितला, विचारलं, माझी ज्वारी सकाळी सगळ्यात आधी दळून द्याल का? त्यांनी चार आठवडे तसं दिलंही. पाचव्या आठवड्यात स्वतःच म्हणाले, "ताई, पहिलं दळण काय आणि शेवटचं काय. दगडात काल रात्रीचा गहू आहे, कापडी नळीत आहे. माझ्याकडे बघा की." भुवया पांढऱ्या, हातावरची लव पांढरी, कानाच्या पाळ्यासुद्धा पांढऱ्या. "घरघंटी घ्या," म्हणाले. स्वतःचं गिऱ्हाईक स्वतः तोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

घरघंटी घेतली. दळण्याआधी ज्वारी परातीत पसरून निवडायची, कारण पोत्यातच गव्हाचे चुकार दाणे निघतात. ज्वारी गोल, गहू लांबट, सरावाने बोटांनाच कळतो. बाजरी-नागलीचं सोपं, चाळणीवर गहू आपोआप वर राहतो. वर्षभर छान चाललं. मग दिवाळीत नणंदबाई आल्या. मी ऑफिसात होते. वहिनी दमून येते, तिला तयार पुरणपोळी मिळावी म्हणून त्यांनी माझ्याच घरघंटीत दोन किलो गहू दळले. दार उघडलं तर घरभर खमंग वास आणि त्यांचा हसरा चेहरा. काय बोलणार? मी बाथरूममध्ये जाऊन रडले, बाहेर येऊन "किती मऊ झाल्यात" म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात घरघंटी विकली. नवी आणली, तिला कुलूप लावलं. नणंदबाईंना खरं कारण अजून माहीत नव्हतं. आता ही पोस्ट वाचतील. ताई, राग नाही हो. पण मला एकदा फोन करायचा होतात.

इतकं करूनही सहा महिन्यांनी टीटीजी खाली येईना. आहारतज्ज्ञ बाईंनी फडताळातल्या एकूण एक डब्याचं नाव लिहून आणायला सांगितलं. यादीवर बोट फिरवत त्या हिंगाशी थांबल्या. आपण वापरतो तो बांधणीचा हिंग. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की त्यात डिंक आणि पीठ घालून तो सौम्य करतात, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, मीच कधी वाचलं नव्हतं. आमटी, उसळ, लोणचं, मठ्ठा, पापड... मी गव्हाला घरातून हाकललं होतं आणि दोन्ही वेळा फोडणीत चिमूटभर घालत होते. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, आता तोच आणते.

हे सगळं घरात एका फटक्यात कुणाला समजलं असेल तर सासूबाईंना. नवऱ्याला मी चार व्हिडिओ दाखवले, तरी तो तोच चमचा दोन्हीकडे घालायचा. आईंचं अर्धं आयुष्य पंचवटीतल्या वाड्यात गेलं. माझं अर्ध्यावर तोडत म्हणाल्या, "म्हणजे तुझं सोवळं. शिवाशिव चालायची नाही, भांडी वेगळी, फडकं वेगळं, आधी तुझा स्वयंपाक मग आमचा." झालं! त्या दिवसापासून माझा तवा, परात, चाळणी वरच्या फळीवर. घरात कणीक येतच नाही. बाप-लेकाच्या पोळ्या पोळीभाजी केंद्रातून येतात आणि टेबलाच्या त्या टोकाला खाल्ल्या जातात.

सोवळं हा शब्द मला जड जातो, हेही सांगते. याच गावात, आईंच्या वाड्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, काळाराम मंदिरात नुसतं आत जाता यावं म्हणून १९३० मध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, आणि तो पाच वर्षं चालला. माणसांवर वापरलेला शब्द मी पिठावर वापरावा का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण एक कळलं. "कणभर लागलं तरी लागलं" ही गोष्ट आपल्या समाजाला समजत नाही असं अजिबात नाही. पिढ्यानपिढ्या समजते. देवासाठी समजते, व्रतासाठी समजते. आजारी माणसासाठी मात्र एकदम "एवढ्याने काय होतंय?"

उपवासाची युक्ती मला इथूनच सुचली. "मला आजार आहे, गव्हाचा कण चालत नाही" असं सांगितलं की वेटर मान हलवतो आणि त्याच चिमट्याने पापड आणतो. "उपवास आहे" म्हटलं की तोच पोऱ्या आत ओरडतो, "उपवासाचं वेगळं काढ रे!" आणि योगायोग बघा, उपवासाचं ताट म्हणजे जवळजवळ माझंच ताट. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, शेंगदाणे, बटाटा. गहू नाही आणि फोडणीत हिंगसुद्धा नाही. (काही घरांत एकादशीला भगर चालत नाही, त्या वादात मी पडत नाही.) म्हणून मैत्रिणी म्हणतात, हिला बारा महिने एकादशी.

सत्यनारायणाचा शिरा नाकारला की मात्र यजमानीणबाईंचा चेहरा पडतो. "प्रसादाने काही होत नाही गं." मी द्रोण हातात घेते, कपाळाला लावते आणि शेजारणीला देते. मग घरी येऊन हात धुते. देवाला कळतं, यजमानीणबाईंना नाही.

दुसरा त्रास फॅशनचा. कॉलेज रोडच्या एका कॅफेत पाटीवर ठळक लिहिलं होतं, ग्लूटेन-फ्री. विचारलं, नागलीचा केक कुठे भाजता? "त्याच ओव्हनमध्ये मॅडम, पण ट्रे वेगळा आहे." ट्रे मैद्याने माखलेला मला काचेतून दिसत होता. आणि व्हॉट्सॲपवरचे काका मंडळी, कृपा करून "खपली गहू चालतो" हे मला पाठवणं थांबवा. खपली हा गहूच आहे, त्यातही ग्लूटेन आहे. सेंद्रिय असला, जात्यावर दळला, गावाकडून आणला, तरी आहे.

मिसळीचं काय, असं विचारू नका. रविवारी ऑफिसची गँग मखमलाबादच्या बाजूला मिसळीला जाते तेव्हा मी डबा घेऊन जाते. एका ठिकाणी मालकाने "बाहेरचं चालत नाही" म्हणून डबा बंद करायला लावला. मी दीड तास कोरा चहा पीत बाकीच्यांच्या रश्शाकडे बघत बसले. घरी करते मी मिसळ, आमच्या हिंगाची, घरच्या शेवेची. चांगली होते. पण पाव बुडवताना जो आवाज येत नाही ना, तो मला ऐकू येतो.

तर गेल्या आठवड्यात. ऑफिसजवळचं नेहमीचं हॉटेल, मंगळवार दुपार. नेहमीचाच पोरगा आला. मी म्हटलं, "उपवास आहे, साबुदाणा वडा." तो हसला. "ताई, मागच्या बुधवारी पण होता, त्याआधी शुक्रवारी पण. कुठला देव आहे तुमचा?" मला काय वाटलं कोण जाणे, खरं सांगून टाकलं. आजार, कण, उलट्या, सगळं. तो पाणी ठेवता ठेवता थांबला. आत गेला, बाहेर आला, खाली वाकून हळूच म्हणाला, "वडा नका घेऊ. तेल समोशाचंच आहे."

"आणि उपवासवाल्यांना?"

त्याने मुदपाकखान्याच्या दाराकडे पाहिलं, काही बोलला नाही. म्हणजे गेल्या महिन्यातली ती रविवारची रात्र, जिचं खापर मी लोणच्यावर फोडलं होतं...

"मग आधीच सांगायचं ना ताई," तो म्हणाला. "काय आणू?"

"ताक आण. साधं. हिंग नको."