के 17, के 18

नाट्यगृहातली वार्षिक सभासद योजना हा काय प्रकार असतो, हे लग्न ठरवताना मला कुणी सांगितलं नव्हतं. माहेरी आम्ही नाटकाला जायचो ते जाहिरात वाचून, नट कोण ते बघून, आणि बाबांचा पगार झाला की. सासूबाईंनी गेल्या जूनमध्ये भिशीतल्या मैत्रिणीच्या नादाने एका मंडळाचा फॉर्म भरून टाकला. वर्षाला दहा रविवार, दहा कार्यक्रम, दोन खुर्च्या, 3,600 रुपये. दुसरी खुर्ची त्यांच्या मुलासाठी होती. पहिल्या रविवारी त्याची पाठ धरली, म्हणून बदली मी गेले. दुसऱ्या रविवारी त्याचा ऑफिसचा कॉल निघाला. तिसऱ्या रविवारी मला कुणी विचारलंही नाही, चपला बाहेर काढून ठेवलेल्या होत्या.

काही बोलायला गेलं की हिशोब पुढे येतो. "माणशी 180 रुपये पडतात गं एका खेळाचे. फुकट घालवायचे का?"

आम्ही राहतो कांजूरमार्गला, नाट्यगृह दादरकडे. आणि रविवार म्हणजे मेगाब्लॉक. धीमी गाडी जलद मार्गावर वळवली की ती कांजूरला थांबत नाही. नाकासमोरून सणसणत निघून जाते. थेट रिक्षा करावी तर ती शीवच्या पुढे जात नाही. म्हणून विक्रोळीपर्यंत रिक्षा आणि मग लोकल. सोबत आईंची पिशवी: एसीसाठी दोन शाली, चहाचा थर्मास, खोकल्याच्या गोळ्या, आणि "असू दे" या नावाखाली आणखी दीड किलो सामान. तिसऱ्या घंटेला आम्ही के रांगेतून सोळा जणांच्या गुडघ्यांना "सॉरी, सॉरी" म्हणत आत सरकत असतो.

जागा वर्षभर त्याच. त्यामुळे शेजारीही तेच. पुढे जे 18 वर एक सहाफुटी गृहस्थ बसतात. रंगमंचाचा मधला भाग मी वर्षभरात पाहिलेला नाही. माझ्या माहितीप्रमाणे सगळी नाटकं डाव्या आणि उजव्या विंगेपाशी घडतात. के 19 वर एक आजोबा. त्यांना सगळी नाट्यपदं पाठ आहेत आणि ते नटाच्या अर्धी मात्रा आधी गातात. ‘संगीत सौभद्र’ला तर त्यांनी कहरच केला. किर्लोस्करांनी हे नाटक 1882 साली रंगभूमीवर आणलं, तेव्हा लोकांना घाई नसायची. संगीत नाटकं रात्र-रात्र चालायची म्हणतात. आजोबांनी तोच काळ परत आणायचं मनावर घेतलं होतं. प्रत्येक पदाला "वन्स मोअर!" चौथ्या वेळी गाणाऱ्या सुभद्रेने त्यांच्याकडे जे पाहिलं, ते अर्जुनावरच्या रुसव्यातलं खचित नव्हतं.

त्याच दिवशी मध्यंतरात मला वड्यासाठी पिटाळलं. इथे एका रांगेत पैसे देऊन कुपन घ्यायचं आणि दुसऱ्या रांगेत कुपन देऊन वडा घ्यायचा. दोन्ही रांगांच्या मध्ये एक खांब आहे, त्याला वळसा घालताना लोक आपली रांग विसरतात आणि मग भांडतात. मध्यंतर दहा मिनिटांचं. कुपन मिळालं तेव्हा पहिली घंटा झाली. घाणा कढईतून वर आला तेव्हा दुसरी. पुढच्या बाईने सहा वडे घेतले आणि "चटणी वेगळी बांधा" म्हणाली. मी मनातल्या मनात तिचा वध केला. माझ्या हातात दोन वडे पडले, कागदातून तेल आणि चटका एकदमच आले, आणि तिसरी घंटा झाली. आत खायला मनाई. आईंनी शांतपणे पुडी शालीत गुंडाळून पर्समध्ये ठेवली. पुढच्या अंकात बलरामाचा राग जितका दरवळला नाही तितकी लसणीची चटणी दरवळली. जे 18 दोनदा वळून बघून गेले. मला बरंच वाटलं, तेवढ्यापुरता रंगमंच दिसला.

‘श्यामची आई’ दाखवला तेव्हा मात्र मी आपणहून गेले. 1953 चा अत्र्यांचा सिनेमा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. शेवटाकडे अख्खं सभागृह नाक ओढत होतं, आजोबासुद्धा गप्प. पडद्यावर आई अंथरुणाला खिळलेली. आणि नेमकी तिच्या कपाळावर एक काळी पट्टी उमटली: बॅटरी 10 टक्के. सिनेमा कुणाच्या तरी लॅपटॉपवरून चालला होता. अंधारातून हुंदका आला, त्यामागोमाग "अरे चार्जर लावा रे!" आणि मग बराच वेळ बाण पडद्यावर इकडून तिकडे फिरत होता. आईंनी डोळे पुसत मला विचारलं, "आता परत पहिल्यापासून लावतील का गं?"

कथ्थकला आम्ही दोन वेळा चुकीच्या जागी टाळ्या वाजवल्या. एकपात्रीत मला झोप लागली. बालनाट्याला मूल न आणलेल्या आम्ही दोघीच, राक्षस आला तेव्हा "मागे बघ, मागे बघ!" सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं, ते मी सांगणार नाही.

प्रायोगिक नाटकाचं मात्र सांगायलाच हवं. रिकामा रंगमंच, एक खुर्ची, एक तरुण नट. सुरुवातीला तो आपल्या घरच्यांविषयी थोडं बोलला, मग बराच वेळ नुसता बसून होता. आईंनी तेवढ्यात चहा ओतून घेतला. मग तो उठला, पुढे आला आणि काळोखाकडे बघत आर्त स्वरात म्हणाला, "मी कोण आहे?" शांतता. पुन्हा, "कुणी सांगेल का, मी कोण आहे?"

"अहो, मगाशी तुम्हीच म्हणालात ना," के 17 वरून आवाज आला, "त्या शेजारच्या बाईंचा धाकटा भाऊ!"

त्या पोराने नाटक पुढे रेटलं, हे त्याचं मोठेपण. हशा मात्र दिग्दर्शकाने बसवलेला नव्हता.

दहावा कार्यक्रम मे महिन्यात होता. आदल्या रात्री मेसेज आला, अपरिहार्य कारणास्तव रद्द. मी आनंदाने दुपारी झोपायचं ठरवलं. आईंचा मेसेजवर विश्वास नाही. आम्ही शाली घेऊन गेलो. फाटक बंद, वड्याची कढई पालथी. मंडळाचा एक माणूस नोटीस चिकटवत होता. आईंनी त्याला तिथेच गाठलं.

"आमचे 360 रुपये?"

"काकू, परत नाही करता येत. पुढच्या वर्षीच्या वर्गणीत वळते करून घेऊ की."

आई माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर दहा रविवारांत दिसलं नव्हतं एवढं तेज.

"बघितलंस? 360 रुपये वाचले."