विम्याची स्पर्धा जोरात, चाचांचं अप्रूव्हल पेंडिंग

आज सकाळी एचआरची मेल आली. यंदापासून आपल्या सगळ्यांचा हेल्थ इन्शुरन्स नव्या कंपनीकडे गेला, फायदे तेच, दर मात्र जास्त चांगले, कळवायला आनंद होतो वगैरे. चांगले म्हणजे कोणासाठी चांगले, ते काही लिहिलेलं नव्हतं. त्यावर कडी म्हणजे जेवणाच्या सुट्टीत लिंक्डइन उघडलं, तर एक सुटाबुटातले विमावाले सांगतायत की यूएईचा विमा बाजार कसा झपाट्याने वाढतोय आणि स्पर्धेमुळे ग्राहक कसा राजा झालाय.

राजा! या म्हणावं आमच्या ऑफिसात, राजा पँट्रीत स्टुलावर पोट धरून बसलाय.

हा राजा म्हणजे आमचे चाचा, कोकणातल्या खेडचे. आमच्यापैकी कोणीही दुबईत यायच्या आधीपासून इथे आहेत. चहा, फायली, बँकेच्या चकरा, सरकारी फॉर्म भरून देणारं टायपिंग सेंटर, सगळं तेच बघतात. त्यांच्या पित्ताशयात खडे झालेत. आता बेसिक प्लॅनवाल्याला थेट सर्जनकडे जाता येत नाही. आधी जीपी म्हणजे साधा डॉक्टर, त्याची चिठ्ठी, मग स्पेशालिस्ट, मग सोनोग्राफी, मग विमा कंपनीचं अप्रूव्हल. चाचांनी हे सगळं मुकाट केलं. फाइल तयार झाली, अप्रूव्हल पेंडिंग होतं, आणि आज कळलं की दुबईच्या करामा भागातलं ते क्लिनिक नव्या कार्डाच्या नेटवर्कमध्येच, म्हणजे कार्ड चालणाऱ्या दवाखान्यांच्या यादीतच नाही. म्हणजे पुन्हा नवा जीपी, नवी चिठ्ठी.

"राहू दे ताई, सुट्टीत गावाला जाऊन डेरवणच्या हॉस्पिटलात ऑपरेशन करून घेतो," म्हणाले. चिडलेसुद्धा नाहीत. मग त्यांच्या वाटचं मीच चिडते.

बाजार वाढणारच हो! अबू धाबीत 2006 पासून, दुबईत 2013 च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने, आणि 1 जानेवारी 2025 पासून शारजा, अजमान, रास अल खैमा, सगळीकडेच कामगाराचा आरोग्य विमा सक्तीचा झाला. विमा नाही तर व्हिसा नाही. उद्या दुबईत छत्री सक्तीची केली, तर छत्रीवालेही लिंक्डइनवर वाढीच्या पोस्टी टाकतील. कायद्याने गिऱ्हाईक दारात आणून उभं केलं, यात तुमचं कर्तृत्व ते काय?

आणि स्पर्धा. एवढ्याशा देशात साठच्या आसपास विमा कंपन्या, वर ब्रोकर वेगळे. सगळे भांडतायत कशासाठी, तर मालकाच्या सहीसाठी. आजारी पडणारा माणूस त्या खोलीत नसतोच. ब्रोकरने चार कोटेशनं समोर ठेवली, मालकाने सगळ्यात खालच्या आकड्यावर बोट ठेवलं, झाली स्पर्धा. दर पाडून धंदा घ्यायचा आणि नंतर कसर काढायची ती नेटवर्क लहान करून, अप्रूव्हल लांबवून. ती कसर निघते चाचांच्या पोटातून. शारजा-अजमानसारख्या उत्तरेकडच्या अमिरातींमधला बेसिक प्लॅन वर्षाला 320 दिरहमपासून सुरू होतो. तेवढ्याचं आपण चौघं शनिवारी जेवून येतो. त्यात कोणाला काय मिळणार आहे?

हो, मान्य, आधी एवढंही नव्हतं. कामगार आजारी पडला की पॅनाडोल खायचा, नाहीतर तिकीट काढायचा. आणि अ‍ॅडमिट झाल्यावर स्वतःच्या खिशातून किती भरायचं, याला बेसिक प्लॅनमध्ये मर्यादा घातलेली आहे, हेही खरं. बरं मग?

गाडीच्या विम्याचं आठवा. 16 एप्रिल 2024. नोंदी ठेवायला लागले 1949 पासून, त्यातला सगळ्यात मोठा पाऊस. अल ऐनकडे एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत 254 मिलिमीटर. (कोकणातली मंडळी हसतील. पण तिथे पऱ्हे-ओढे असतात, इथे शारजात पाणी जाणार कुठे?) गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात. तोवर आपण सगळे तुलना करणाऱ्या वेबसाइटवर सगळ्यात स्वस्त पॉलिसी शोधून खूश होतो. ज्यांचा नुसता थर्ड पार्टी होता, त्यांना स्वतःच्या गाडीचा छदाम मिळाला नाही. आणि पुढच्या रिन्युअलला आकडे असे चढले, की ती आधीची स्वस्ताई गेली कुठे असं झालं.

गंमत म्हणजे जिथे स्पर्धा नाही तिथलं गणित सरळ आहे. 2023 पासूनचा नोकरी गेल्याचा विमा बघा. नऊ कंपन्यांचा एकच गट, सगळ्यांना एकच दर. बेसिक पगार 16,000 पर्यंत असेल तर महिन्याला पाच दिरहम, वर असेल तर दहा. काढला नाही तर 400 दिरहम दंड. नोकरी गेली, स्वतः सोडलेली नसली आणि वर्षभर हप्ते भरलेले असले, की बेसिकच्या 60 टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. पटो न पटो, काय मिळणार ते चाचांनासुद्धा तोंडपाठ आहे. त्यांच्या हेल्थ कार्डावर काय मिळणार, हे मात्र मला, अकाउंट्समध्ये आयुष्य घालवलेल्या बाईला, पीडीएफ वाचूनही कळलं नाही.

एचआरच्या पोरावर मला राग काढायचा नाही. तो तरी काय करणार? पण मागच्या मीटिंगमध्ये "वयस्कर स्टाफमुळे ग्रुपचा प्रीमियम चढतो" हे वाक्य चाचा चहाचा ट्रे घेऊन उभे असताना बोललं गेलं. कोणी मान वरसुद्धा केली नाही. ट्रे ठेवून ते गेले. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

तक्रारीची सोय आहे, ठाऊक आहे. विमा क्षेत्र 2021 पासून मध्यवर्ती बँकेच्या हाताखाली आलंय, बँकेने 'सनदक' नावाची तक्रार निवारण संस्थाही काढली आहे. चांगलंच केलं. पण तक्रार कोण करणार? व्हिसा ज्याच्या हातात, त्याने घेतलेल्या पॉलिसीबद्दल चाचा तक्रार करतील? आणि मी केली तर पहिला प्रश्न, तुमचा काय संबंध?

संध्याकाळी फोन केला चाचांना. म्हणाले, दुखणं थांबलंय, बायकोला सांगू नका. मी कशाला सांगतेय, माझ्याकडे त्यांच्या बायकोचा नंबरही नाही.

असो. करामा किंवा अल कुसैसकडे बेसिक नेटवर्क घेणारा चांगला सर्जन कोणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये टाका. हिंदी बोलणारा असला तर उत्तम. चाचांचं नवं कार्ड आलं की त्याच दिवशी सुट्टी टाकून मी त्यांच्याबरोबर जाणार आहे, कारण जीपीसमोर हे पुन्हा "आता बरं आहे" म्हणून उठून येतील. ब्रोकर मित्रांनी कृपया इनबॉक्समध्ये कोटेशन पाठवू नये.