दान पावलं, कलम लागलं

सरकारदरबारी मी कलावंत की भिकारी, याचा निकाल लावायला दहा रुपयांचं एक नाणं पुरलं.

निवृत्त झाल्यावर मी बुलबुलतरंग वाजवायला घेतला. ज्यांना हे वाद्य ठाऊक नाही ते सुखी आहेत. त्यांनी एवढंच समजावं की एक लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि तारांवर टाइपरायटरची असतात तशी बटणं. एका हाताने बटणं दाबायची, दुसऱ्याने तारा छेडायच्या. उभा जन्म टायपिंगमध्ये गेल्यामुळे माझा वेग पहिल्या दिवसापासून उत्तम होता. गाणं कोणतं चाललंय हे मात्र ऐकणाऱ्याला विचारावं लागे.

हिने काही दिवस सोसलं. मग, "अहो, गच्चीवर मोकळी हवा असते." गच्चीवर सेक्रेटरी आले. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. मोबाइलवर कसलं तरी अ‍ॅप लावून त्यांनी मला मोजलं. मी ५५ च्या खाली निघालो. "आकडा बसतोय नियमात," ते खिन्नपणे म्हणाले, "पण काका, गच्ची सामाईक आहे हो." सामाईक गच्चीवर कुरडया वाळवता येतात, रियाझ करता येत नाही.

म्हणून मी संध्याकाळी तलावपाळीला जाऊ लागलो. ठाण्यात ज्याला घरात जागा नाही तो तलावपाळीला जातो, मग ते प्रेमात पडलेले असोत की निवृत्त झालेले. कट्ट्यावर बसायचं, वाद्य मांडीवर, त्याची रेक्झिनची पेटी पायाशी उघडी. एके दिवशी एक आजी नातवाला घेऊन थांबल्या. थोडं ऐकलं. "दे रे राजा आजोबांना," म्हणाल्या आणि नातवाने नेम धरून पेटीत नाणं टाकलं. मी वाद्य बाजूला ठेवून उठेपर्यंत दोघं कुल्फीवाल्याकडे पोचली होती. खोटं कशाला बोलू, घरी आल्यावर ते नाणं मी देवापुढे ठेवलं. कलेची पहिली कमाई होती.

हिचा भाऊ वकील आहे. वकिली बेताची, पण कलमं पाठ. देवापुढचं नाणं बघून त्याचा चेहरा उजळला.

"दाजी, मागितलंत?"

"छे! पोराने आपणहून टाकलं."

"मागायला लागतच नाही. घेतलं की झालं."

आणि त्याने मला १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा ऐकवला. त्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक जागी भीक मागणं किंवा नुसती स्वीकारणं, दोन्ही एकच. मग ती गाण्याच्या, नाचाच्या, भविष्य सांगण्याच्या, खेळ करून दाखवण्याच्या किंवा एखादी वस्तू विकायला काढण्याच्या बहाण्याने असो वा नसो. माझा सगळा रियाझ कायद्याच्या लेखी बहाणा निघाला. सेक्रेटरींचंही तेच मत होतं, पण त्यांना कलम माहीत नव्हतं.

"पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात," मेहुणा रंगात आला. "गुन्हा शाबित झाला की भिक्षेकरीगृहात कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त तीन. सुटून आल्यावर पुन्हा सापडत राहिलात तर थेट दहा वर्षांपर्यंत मजल जाते. चेंबूरला आहे भिक्षेकरीगृह. काही लांब नाही."

"तिथे वाद्य नेऊ देतात का?" हिने विचारलं. प्रश्नात काळजी होती की आशा, हे मला अजून उमगलेलं नाही.

खरं म्हणजे मला कोण धरतंय! इस्त्रीचा सदरा, पायात बूट, नाकावर सोनेरी काडीचा चष्मा. तळ्याकाठी एक हवालदार येतात, ते दमून माझ्या शेजारी टेकतात. एकदा म्हणाले, "काका, जुनं काहीतरी होऊन जाऊ द्या." मी वाजवलं. ते म्हणाले, "हे नको, दुसरं." ते दुसरंच होतं. पण सांगायचा मुद्दा, ते बसतात. लोकलच्या डब्यात बोटांत फरशीचे दोन तुकडे धरून ताल देत गाणारं पोर असतं ना, त्याच्या शेजारी कोणी खाकीतला माणूस असा टेकलेला मी पाहिला नाही. त्याला हा कायदा आहेच, वर गाडीत आणि स्टेशनात भीक मागण्याबद्दल १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १४४ आहे. आणि ते पोर माझ्यापेक्षा कितीतरी सुरात गातं. कायद्यात सुराला कुठे सूट नाही, इस्त्रीला मात्र अलिखित आहे.

रेल्वेवरून आठवलं. भीमसेन जोशी अकरा वर्षांचे असताना गुरूच्या शोधात घरातून निघून गेले आणि खिशात पैसे नसताना, डब्यात गाणी म्हणत पुढे सरकत राहिले. ही गोष्ट आपण मुलांना मोठ्या अभिमानाने सांगतो. मेहुण्याला सांगितली तर म्हणाला, "विनातिकीट अधिक भीक. दोन कलमं."

मग वासुदेवाचं काय? डोक्यावर मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या, पहाटे दारात उभा राहून गाणार. वर दान मिळालं की "दान पावलं" म्हणून देवादेवांची नावं घेत गल्लीभर जाहीर करणार. इतका सुरेल कबुलीजबाब दुसऱ्या कुठल्या आरोपीने दिला नसेल. पिंगळा भल्या अंधारात भविष्य सांगत येतो, म्हणजे एकाच फेरीत गाणं आणि भविष्य अशी दोन निमित्तं. नंदीबैलवाल्याचा तर बैलसुद्धा मान हलवून साक्ष देतो. पोतराज, गोंधळी, बहुरूपी, किंगरीवाले, डोंबारी... अख्खा महाराष्ट्र एका व्याख्येत मावतो. एकनाथ महाराजांनी वासुदेवावर, जोश्यावर, गोंधळ्यावर भारुडं रचली. मेहुण्याच्या हिशेबाने ती आरोपींची यादी.

गंमत पुढे आहे. मतदान करा, लस घ्या, अमुक योजनेचा लाभ घ्या, हे गावोगाव सांगायला सरकारलाच हा वासुदेव लागतो. तीच टोपी, त्याच चिपळ्या, फक्त गाण्यात विठोबाऐवजी योजनेचं नाव. तेव्हा तो लोककलावंत असतो आणि त्याला मिळतं ते मानधन. दुसऱ्या दिवशी आपल्याच गल्लीत स्वतःचं गाणं म्हटलं की ती भीक. उतारवयातल्या कलावंतांना सरकार महिन्याचं मानधनही देतं, पण आयुष्यभर कला सादर केल्याचे पुरावे जोडा म्हणतं. बिचाऱ्याने काय जोडायचं? जो पुरावा जोडेल तो दुसऱ्या खात्याला उपयोगी.

मुंबईचा हा कायदा दिल्लीलाही लावलेला होता. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्यातली बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली, पण दिल्लीपुरती. "म्हणजे दाजी, तुम्ही दिल्लीत निर्धास्त वाजवू शकता," मेहुणा म्हणाला. ही बातमी सोसायटीत पसरली असती तर माझ्या तिकिटासाठी वर्गणी जमली असती.

माझ्याआधीही हे युद्ध झालेलं आहे, हे मला लंडनहून आलेल्या भाच्याने सांगितलं. गणकयंत्राचा जनक म्हणून शाळेत ज्याचं नाव आपण घोकलं तो चार्ल्स बॅबेज रस्त्यावरच्या वाजंत्र्यांनी हैराण झाला होता. या लोकांनी माझी एक चतुर्थांश कार्यशक्ती खाल्ली, असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्याने आणि त्याच्यासारख्यांनी इतका पिच्छा पुरवला की १८६४ मध्ये ब्रिटिश संसदेने लंडनच्या रस्त्यावरच्या संगीतावर कायदाच केला. वादक काय गप्प बसतात! ते मुद्दाम बॅबेजच्या खिडकीखाली येऊन वाजवू लागले. सेक्रेटरींना मी ही हकिकत दोनदा सांगितली.

आता तिथे भुयारी रेल्वेत वाजवणाऱ्यांची चाचणी घेऊन परवाना देतात आणि उभं राहायची जागासुद्धा जमिनीवर आखून देतात. ही पद्धत २००३ पासून. "मामा, तुम्हीपण परवाना काढा," भाचा म्हणाला. चाचणीचा उल्लेख त्याने का केला नसावा, हे मला कळलं.

पण आपल्याही कायद्यात फट आहे. अधिकाऱ्याने रीतसर परवानगी दिली असेल तर पैसे घेणं भीक ठरत नाही. तेव्हा मी एका कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी आस्थेने चौकशी केली.

"मंडप किती बाय किती?"

"मंडप नाही."

"मिरवणूक?"

"मी एकटाच आहे. बसून असतो."

"स्पीकर?"

"नाही."

"चित्रीकरण? आंदोलन? उपोषण?"

प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे अर्ज होता. उपोषणाचा त्या लगेच द्यायला तयार होत्या. एक माणूस, एक वाद्य आणि एक उघडी पेटी, याला रकाना नव्हता. "असं करा ना काका," त्या शेवटी म्हणाल्या, "दहा दिवसांचा उत्सव करा. मग सगळं बसतं."

मेहुण्याच्या सल्ल्याने मी पेटीपुढे पाटी ठेवली : 'कृपया पैसे टाकू नयेत.' त्या संध्याकाळी कधी नव्हे इतके पैसे पडले. स्वाभिमानी म्हातारा आहे, असं लोक एकमेकांना सांगत होते. मी पेटी मिटून घेतली तर एकाने झाकणावर नोट ठेवली आणि वर वाऱ्याने उडू नये म्हणून माझाच चष्म्याचा डबा ठेवला.

तेवढ्यात समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ रस्ता ओलांडून आले. लेंगा, बनियन, हातात पन्नासची नोट. अतिशय सभ्यपणे म्हणाले, "रोज संध्याकाळी मी बातम्या ऐकतो. आपण तळ्याच्या पलीकडच्या बाजूला बसलात तर हे घ्या. रोज देईन."

मी नोट न घेता तडक घरी आलो. अपमान वगैरे नंतर, आधी कलम विचारायला. मेहुणा प्रथमच विचारात पडला, त्याने फोनवर काहीतरी शोधलं आणि माझा हात हातात घेतला.

"दाजी, घ्या! ही भीक नाही, हा मोबदला आहे. १८७२ चा करार कायदा, कलम दोन. काहीतरी करण्याबद्दल मोबदला असतो, तसाच काहीतरी न करण्याबद्दलही असतो. वाजवून घेतलेत तर भिक्षेकरीगृह, न वाजवून घेतलेत तर शुद्ध व्यवहार. कोणी बोट लावू शकत नाही."

आतून ही पदराला हात पुसत आली. "घरात न वाजवण्याचाही असा करार होतो का रे?"

"होतो की. पण ताई, बिनपैशांचा, केवळ प्रेमापोटी करायचा असेल तर लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. खेपा पडतील."

"प्रेमाबिमाचं काही नाही," ही म्हणाली. "रोख देते."